हॅडलीसाहेबांचा खोटा शेवट

दाभोळच्या रशीदाने बारा वर्षांत दुबईत सात म्हातारी माणसं सांभाळली. पण दुबई मरीनातल्या हॅडलीसाहेबांसारखा हट्टी म्हातारा, तौबा, दुसरा पाहिला नाही. साहेबांचा पुतण्या ऑफिसला गेला की एकविसाव्या मजल्यावर ही दोघंच.

साहेबांनी तरुणपणी विलायतेत स्वतःच्याच आयुष्यावर तीन पिक्चर काढले होते. उसना कॅमेरा, शेजारपाजारची माणसं, पैशाच्या नावाने ठणठणाट. त्यांच्यावर पेपरात जे जे छापून आलं ते एका फायलीत चिकटवलेलं. रशीदाचं इंग्रजी दहावीपुरतं, तरी रोज दुपारी तिनेच ते अडखळत वाचायचं. पहिला भाग लोकांनी डोक्यावर घेतला. दुसऱ्याला 'संथ, पण जागचं हलू देत नाही' म्हटलं. तिसऱ्यात साहेबांनी स्वतःचं मरण दाखवलेलं. म्हातारा पाणी मागतो, नर्स आणायला जाते, परत येते तोवर खलास. त्यावर एकाने लिहिलेलं, "शेवट साफ खोटा. मरणारा माणूस कुणाला असं जाऊ देत नाही."

इथे आलं की साहेब म्हणायचे, "पुन्हा वाच." चाळीस वर्षं झाली, तरी राग ताजाच!

रमजाननंतर साहेबांनी अंथरूण धरलं. मग रोज चार वाजता एकच धोशा: "रशीदा, पाणी आण." उशाशी भरलेला ग्लास असायचा. ती दाखवायची, ते मान फिरवायचे. "किचनमधून आण." ती जाऊन येईपर्यंत साहेब डोळे मिटून, हात छातीवर ठेवून, श्वास रोखून पडलेले. हाक मारली की डोळे उघडायचे आणि तिला बघून तोंड एवढंसं व्हायचं.

पाचव्या दिवशी तिच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हातारा तालीम करत होता. एका कागदाच्या चिटोऱ्याला खोटं पाडायचं म्हणून एकटं मरायचं होतं त्याला!

गुरुवारी दुपारी घरघर लागली. रशीदाने ॲम्ब्युलन्स बोलावली, पुतण्याला फोन लावला आणि पलंगाशी बसली.

"पाणी," साहेब म्हणाले. "किचनमधून."

"नाही जायची!" हिंदी-इंग्रजी विसरून ती आपल्या बोलीत ओरडली. "आमच्यात असं टाकून उठत नाहीत. चुलीत गेला तुमचा पिक्चर!"

तिने चमच्याने ओठांना पाणी लावलं. ते गालावरून ओघळलं. साहेब दाराकडे बघत पुटपुटत राहिले, "जा. जा."

ॲम्ब्युलन्सची माणसं आली तेव्हा सगळं आटपलं होतं. रशीदाला उठता येईना. साहेबांनी तिचं मनगट असं आवळून धरलं होतं, की दोघांना मिळून एकेक बोट सोडवावं लागलं.