यानाची दोरी

जळगावला शिक्षणशास्त्राची पदवी घेत असताना मी एक परदेशी अंतराळपट रविवारच्या सकाळच्या खेळाला पाहिला. ऐंशीचे दशक नुकतेच सुरू झाले होते. संवाद इंग्रजीत असल्यामुळे आम्हाला फारसे कळत नव्हते. म्हणून पाहण्याचे काम आम्ही अधिक मन लावून केले. एका दृश्यात एक अवाढव्य यान पांढऱ्याशुभ्र ग्रहासमोर येऊन थांबते. ते थांबताच माझा खोलीतला सोबती, धुळ्याकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, खुर्चीतून अर्धा उठला.

"भाऊ, दोरी शे! वर देख, दोरी शे!"

मागून कोणी ओरडले, "खाली बस रे! तुझ्या डोक्यामागं ग्रह गेला आमचा!"

दोरी खरोखरच होती. पांढऱ्या ग्रहावर केसाएवढी काळी रेघ, काही क्षणच दिसणारी. खात्री करण्यासाठी पुढच्या रविवारी आम्ही तो चित्रपट पुन्हा पाहिला. दोरी दिसल्याने यान मला खोटे वाटले नाही, उलट ते अधिक आवडू लागले. कोणीतरी ते कापून, चिकटवून, रंगवून, श्वास रोखून टांगले होते, हे त्या रेघेमुळे समजत होते.

पुढे मी धुळ्यात, देवपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागलो. दोलकाच्या धड्याला दरवर्षी ही दोरी माझ्या कामी येई. छताच्या कडीला एक मीटर दोऱ्याने दगड टांगायचा, त्याची ये-जा मोजायची, एका पूर्ण झोक्याला दोन सेकंद लागतात हे पाहायचे आणि मग यानाची गोष्ट सांगायची. मुले तिला 'सरांची दोरी' म्हणत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तोच चित्रपट नवी दृश्ये घालून, हिंदीत बोलता करून धुळ्यात आला, तेव्हा नववी 'ब'ला मी मोठ्या विश्वासाने म्हणालो, "रविवारी चला. दोरी प्रत्यक्ष दाखवतो."

हे सांगणे मला महागात पडणार होते. कारण पुराव्याशिवाय बोलायचे नाही, हा माझ्या वर्गाचा पहिला नियम होता, आणि तो मी इतरांना फार कडकपणे लावत असे.

रविवारी सकाळी दोन-दोनच्या रांगेने पांझरा नदीचा पूल ओलांडून आम्ही चित्रपटगृहात पोहोचलो. सुरुवातीपासूनच मला ओळखीचे काही सापडेना. पूर्वी जिथे नुसते काळे आकाश होते, तिथे आता आठवडेबाजारासारखी लहान यानांची गर्दी होती. स्फोटांभोवती रंगीत वलये आली होती. अखेर माझे दृश्य आले. ग्रह जांभळा झाला होता, त्यावर ढग फिरत होते. यान मात्र तेच होते. ते आले आणि थांबले. चाळीस माना वर झाल्या.

दोरी नव्हती. संगणकाने ती पुसून टाकली होती.

"सर, कुठंय?"

"सर, डावीकडं का उजवीकडं?"

"अरे, सरांनाच दिसते ती!"

अंधारात सगळा वर्ग हसला. मीही हसलो, पण परतताना पुलावर कोणी काही विचारू नये म्हणून रांगेच्या सर्वांत पुढे चाललो. मी वर्गाला खोटे सांगितले नव्हते, आणि तसे दाखवून देण्याचे साधन माझ्यापाशी उरले नव्हते. नवा ग्रह देखणा होता. तरी कोणीतरी माझ्या ओळखीच्या कारागिराला घरातून बाहेर काढले, असे मला वाटत राहिले.

सोमवारी फळ्यावर सुंदर अक्षरांत सूचना होती: 'दोरी हरवली आहे. सापडल्यास नववी ब मध्ये आणून द्यावी.' अक्षर चांगले असल्याची दाद देऊन मी हजेरी घेतली. ती संपताच दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी ती विचारल्याशिवाय बोलत नसे.

"सर, यान थांबल्यावर हललं."

"म्हणजे कसं?"

तिने तळहात हवेत धरला आणि किंचित पुढे-मागे झुलवला. "असं. तीन वेळा. मी पडद्याच्या उजेडात घड्याळात बघितलं, सहा सेकंद लागले."

मागून एकजण पुटपुटला, "वाऱ्यानं हललं असेल."

"अंतराळात वारा? तुझ्या काकांनी पंखा लावला होता का?" ती मागे न वळता म्हणाली. "सर, त्यांनी दोरी पुसली, पण झोका पुसायचा राहिला. तीन झोक्यांना सहा सेकंद, म्हणजे एकाला दोन."

मी काही विचारायच्या आतच तीन-चार आवाज एकदमच आले, "दोरी एक मीटर!"

चित्रीकरणाच्या वेळी कॅमेरा अधिक वेगाने चालवला असेल, तर पडद्यावर झोका संथ दिसतो आणि हे उत्तर चुकते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. परंतु दोरी होती एवढे सिद्ध करण्यास तो झोका पुरेसा होता. मी त्या मुलीला फळ्याजवळ बोलावून तिचे निरीक्षण आणि अनुमान वेगवेगळे लिहायला लावले.

"पण सर," वाऱ्याची शंका काढणाऱ्याने विचारले, "एवढी चांगली दोरी त्यांनी पुसली कशाला?"

त्याने ती कधीच पाहिली नव्हती, तरी चांगली म्हणाला. "आपलं तिकडं लक्ष जाऊ नये म्हणून," मी म्हणालो.

"सर, जांभळा ग्रह मात्र भारी होता," खिडकीकडून आवाज आला.

तेही निरीक्षणच होते. ते मी फळ्यावर त्या मुलीच्या ओळींखाली लिहायला सांगितले.