चार्ली टूवर कोण बोलत होतं

आमची पोस्ट नाल्याच्या वरच्या अंगाला होती. आठ माणसं, एक रेडिओ सेट, कॉल साइन चार्ली टू. पोस्ट कमांडर नायक प्रल्हाद, मूर्तिजापूरकडचा. मी अंजनगाव सुर्जीचा, रेडिओ ऑपरेटर. दोघंही वऱ्हाडातले म्हणून बाकीचे आम्हाला भाऊच समजायचे. भरती एकाच दिवशी झालो, पण नायकाची फीत त्याला आधी लागली. फायरिंगमध्ये तो पहिला, मी दुसरा. त्याच्या बायकोची, सुमनवहिनीची पत्रंही माझ्या घरच्यांपेक्षा जास्त यायची. मी त्याच्यावर जळायचो. आज वय झालं, आता लपवून काय करू?

रेडिओचा एक नियम सिव्हिलियन माणसाला माहीत नसतो. सेटवर कुणाचं नाव घेत नाहीत. कॉल साइन पोस्टची असते, माणसाची नसते. हँडसेट ज्याच्या हातात, तो चार्ली टू.

त्या दिवशी सकाळी ०६:४० ला फायर आला. मी खंदकांतल्या मोर्च्यांवर ॲम्युनिशन वाटत होतो, म्हणून सेट प्रल्हादने घेतला.

"चार्ली टू. कॉन्टॅक्ट. नाले की तरफ से. ओव्हर."

०६:४३ ला त्याच्या मानेत गोळी लागली. मी रांगत पोचलो तेव्हा तो संपला होता. हँडसेट त्याच्या मुठीत होता. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

"चार्ली टू, पोजिशन बताओ. ओव्हर." खालून कंपनी कमांडर साहेब विचारत होते.

"चार्ली टू. पोजिशन पर हैं. डटे हैं. ओव्हर."

०८:२० ला कुमक पोचली. तोवरची सत्त्याण्णव मिनिटं सेटवर मी होतो. खाली आल्यावर रिपोर्ट दिला. साहेबांनी पाठ थोपटली आणि विषय तिथंच संपला.

रिटायर होऊन मी पानमळा सांभाळायला लागलो. प्रल्हादच्या गावात चौकाला त्याचं नाव दिलंय. दरवर्षी मी तिथं हार घालतो, सॅल्यूट करतो आणि परतीच्या एसटीत माझा जळफळाट होतो. माझ्या गावात मला कुणी विचारत नाही.

गेल्या वर्षी अमरावतीचे गावंडे सर घरी आले. कॉलेजात इतिहास शिकवायचे. लढायांवरच्या कादंबऱ्या आणि जवानांची चरित्रं लिहितात. प्रल्हादचं चरित्र छापायला निघालं होतं आणि त्यांना माझ्याकडून तपासून हवं होतं.

"भरतीत माझी छाती कमी भरली," ते म्हणाले. "तेव्हापासून तुम्हा लोकांचा हेवा करतो आणि लिहितो."

त्यांनी शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. मानेतून रक्त वाहत असताना नायक प्रल्हाद सत्त्याण्णव मिनिटं रेडिओवर बोलत राहतो, पोस्ट सांभाळतो आणि कुमक दिसल्यावर प्राण सोडतो. वारलेल्या साहेबांची डायरी त्यांना मिळाली होती. डायरीत वेळा होत्या आणि प्रत्येक वेळेपुढे चार्ली टू. सरांनी चार्ली टू म्हणजे प्रल्हाद धरला.  खोटं कशाला बोलू, लिहिलं फार सुंदर होतं. शब्द माझे होते आणि तोंड त्याचं. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"कसं वाटलं?"

"सुमनवहिनीले वाचून दाखवलं का?"

"कालच. त्या म्हणाल्या, इतके वर्स वाटे, एका झटक्यात गेले. आता समजलं, बोलत होते."

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. आधी चौक, आता माझा आवाजसुद्धा त्यालाच, एवढंच डोक्यात होतं.

"सर, तो मी होतो," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

गावंडे सरांनी पेनाला टोपण लावलं. "मी दुरुस्त करतो. पण त्यांना तुम्ही सांगायचं. मला जमणार नाही."

दुसऱ्या दिवशी ११:०० वाजता मी मूर्तिजापूरला सुमनवहिनीपुढे बसलो. जसं घडलं तसं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"म्हंजे ते लगेच गेले?"

"हो."

"काईच नाई बोलले?"

"नाई, वहिनी."

त्यांनी दोन-तीन खडे बाजूला टाकले. मग माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, तुमी हे सांगतलं नसतं, तं तुमचं काय गेलं असतं?"

 पाणी न घेता उठलो.

पुस्तकाचं प्रकाशन अकोल्याला झालं. सरांनी मला स्टेजवर बोलावलं, शाल दिली. हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. पुढच्या रांगेतली वहिनीची खुर्ची रिकामी होती. वीस वर्षं मला हेच हवं होतं. त्यासाठी मी एका बाईच्या नवऱ्याची सत्त्याण्णव मिनिटं काढून घेतली.

शेवटचं प्रकरण आता माझ्यावर आहे. त्यात माझं नाव अकरा वेळा येतं, मी मोजलंय. प्रल्हादच्या वाट्याला सुरुवातीच्या तीन ओळी उरल्या. घरच्यांना मी तेवढ्याच वाचून दाखवतो. नायक प्रल्हादने ०६:४० ला कॉन्टॅक्ट रिपोर्ट केला. ०६:४३ ला तो शहीद झाला. हँडसेट त्याने सोडला नव्हता.