बिनब्रेकचा सीझन

ज्या टीमकडे ट्रॉफ्या असतात त्यांना किस्से सांगावे लागत नाहीत. पाहुणा आला की शोकेसकडे बोट दाखवायचं, विषय संपला. आमच्याकडे शोकेसच नाही, म्हणून किस्से साठत गेले. आता आमच्यातले दोघं भेटले की तिसऱ्याचा किस्सा निघतो, आणि तिसरा भेटला की त्यात पदरचं काय काय घातलंय ते काढण्यातच तास जातो.

"किती सीझन खेळलात हो?" असं कोणी विचारलं की आम्ही म्हणतो, "एक."

"एकाच सीझनचे एवढे?"

"दुसरा झाला असता तर पहिल्याचे विसरलो असतो!"

*

पुण्यात तेव्हा सगळंच नवीन येत होतं. मॉल, मल्टिप्लेक्स, कपातल्या फेसावर चित्र काढून देणारी कॉफी. त्यातच कोणीतरी परदेशात बघून आलं आणि मोटारसायकलची स्पीडवे लीग काढली. अंडाकृती मातीचा ट्रॅक. एका हीटला चार गाड्या, दोन आपल्या, दोन त्यांच्या. चार चकरा. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला टाळ्या. गाडीला एकच गिअर, आणि ब्रेक नाही.

मी तेव्हा हिंजवडीला सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचो. टीममध्ये माझी निवड झाली हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी पेपर खाली केला.

"ब्रेक नाही? मग थांबता कसे?"

"गॅस सोडायचा. थांबते हळूहळू."

"आणि मधे कोणी आलं तर?"

"बाबा, ट्रॅकवर मधे कोणी येत नाही."

त्यांनी पेपर पुन्हा वर केला. पेपरामागून आवाज आला, "नोकरी सोडू नकोस."

*

आमच्या टीमचे मॅनेजर, मेकॅनिक आणि कोच म्हणजे मोहोड काका. मूळचे अमरावतीकडचे. तीस वर्षं पुण्यात कारखान्यात फिटर होते. कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती दिली ("स्वेच्छा त्याह्यची, निवृत्ती माही," इति काका) आणि त्यांनी विश्रांतवाडीत आळंदी रोडला गॅरेज टाकलं.

स्पीडवेत वळणावर डावा पाय जमिनीला टेकवून गाडी घसरवायची असते. म्हणून डाव्या बुटाखाली पोलादी तळवा लागतो. तो परदेशातून मागवायचा, असं लीगच्या माहितीपुस्तकात लिहिलं होतं. काकांनी पुस्तक मिटलं, घरी गेले आणि काकूंचं कुंड्यांची माती कालवायचं घमेलं कापून आणलं.

काकू तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी पहिली रेस होती. त्या आल्या, तोंड फिरवून बसल्या. आमचा सतीश शेवटच्या वळणावर दोघांना मागे टाकून पुढे आला, आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात काकू उभ्या राहून ओरडल्या,

"अवं माय! माह्यं घमेलं पयलं आलं!"

*

आम्हाला स्पॉन्सर मिळाला पंख्यांचा. त्यांची जाहिरात ठरलेली होती, आणि तीच आमच्या जर्सीच्या पाठीवर छापून आली: "शांत. गार. निवांत."

पहिल्या महिन्यात दुसऱ्या टीमची पोरं लांबूनच विचारायची, "काय, कसं काय, निवांत?"

स्पॉन्सरचा माणूस एकदा तक्रार घेऊन आला. जाहिरात लोकांना नीट दिसत नाही म्हणाला. काका चाकाची तार ओढत होते. मान वर न करता म्हणाले,

"पुढच्या खेपेला छातीवर छापा साहेब. पोट्टे मागं असून राहिले, पाठ पाहीन कोन?"

*

रायडर आम्ही चौघं. चौथा बंटी दुसऱ्याच रविवारी मनगट मोडून घरी बसला, तेव्हा तिघंच धरा. मी, सतीश कांबळे आणि शिवराज.

शिवराज हिंजवडी गावातला. मी ज्या इमारतीत नोकरी करायचो ती त्याच्या आजोबांच्या शेतावर उभी होती. हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. एकदा मी हेल्मेट त्याच्या जीपमध्ये विसरलो, तर तो द्यायला ऑफिसला आला. गेटवर सिक्युरिटीने अडवलं. नाव लिहा, गाडी नंबर लिहा, कोणाला भेटायचंय, कारण काय.

मला फोन आला म्हणून मी खाली गेलो. शिवराज रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत होता. सिक्युरिटीवाला मला म्हणाला, "सर, हे काय लिहिलंय बघा, असं चालत नाही."

'येण्याचे कारण' या रकान्यात लिहिलं होतं: "शेत बघायला."

मी हसलो. तेव्हा मला तो विनोद वाटला. शिवराज हसला नाही. हेल्मेट माझ्या हातात दिलं आणि पार्किंगच्या कोपऱ्याकडे बघत म्हणाला, "हीर तिथं व्हती. ग्वाड पानी."

मी म्हणालो, "मीटिंग आहे रे, निघतो."

*

सतीश आमच्यातला खरा रायडर. त्याचे वडील, कांबळे साहेब, सरकारी कचेरीत होते. कायम इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मुलाने स्पर्धा परीक्षा द्यावी एवढीच त्यांची इच्छा. पुस्तकं सतीशच्या टेबलावर होती, आणि सतीश ट्रॅकवर.

साहेब प्रत्येक रेसला यायचे, पण कुंपणापाशी ट्रॅककडे पाठ करून उभे राहायचे. चारही चकरा! आम्हाला वाटायचं, निषेध असेल.

एकदा मी धीर करून विचारलं, "साहेब, एवढं लांब येता आणि बघत नाही?"

"बघवत नाही," ते म्हणाले. "ऐकतो. त्याच्या गाडीचा आवाज मला वेगळा कळतो. चालू आहे तोवर बरं आहे."

आणि मग खिशाचं पेन नीट करत, "आज दुसऱ्या चकरेला त्याने गॅस लवकर सोडला. सांगा त्याला."

*

पुढचा किस्सा आम्ही सहसा सांगत नाही. सतीशही नाही, मीही नाही.

लीगचे शेवटचे रविवार होते. दक्षिणेतल्या एका मोठ्या रेसिंग टीमचा माणूस रायडर बघायला आला होता. सतीशला ते माहीत होतं, मलाही. आमच्या हीटला शेवटच्या चकरेत आम्ही दोघंच पुढे. सतीश पहिला, मी दुसरा. तीन आणि दोन, टीमचे पाच गुण नक्की. अदलाबदल झाली तरी पाचच.

शेवटच्या वळणावर सतीश जरा बाहेरून गेला. आतली बाजू त्याने मोकळी सोडली, कारण मागे मी होतो. दुसरा कोणी असता तर सोडली नसती.

मी आत घुसलो आणि पहिला आलो.

त्या माणसाने माझ्याशी हात मिळवला, माझा नंबर लिहून घेतला. मी पिटमध्ये, गाड्या लावायच्या जागी आलो. सतीश ग्लोव्ह्ज काढत होता.

"लाइन छान घेतलीस," तो म्हणाला.

"अरे, मला वाटलं तू..."

"छान घेतलीस म्हटलं ना."

त्या माणसाचे नंतर दोन फोन आले. दोन्ही वेळा मी मीटिंगमध्ये होतो. माझा परदेशी प्रोजेक्टचा व्हिसा तोवर झालेला होता, मला त्या टीमशी काही घेणंदेणं नव्हतं. फोन उचलून सतीशचं नाव सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. हे मला सुचलं तेव्हा मी न्यू जर्सीत बर्फ झाडत होतो.

*

फायनलचा किस्सा मी सांगू शकत नाही. मी नव्हतो.

शिवराजच्या मेलमधून जे कळलं ते असं: मी नाही म्हणून टीमच्या सगळ्या हीट दोघांनी काढल्या. उसंत नाही, पाणी प्यायला वेळ नाही. तरी शेवटच्या हीटपर्यंत बरोबरीत होते. त्या हीटला सतीशची गाडी बाहेरच्या कुंपणाच्या फळ्यांना लागली. खांद्याचं हाड मोडलं. आम्ही दोन गुणांनी हरलो. पुढच्या वर्षी लीग झालीच नाही. ट्रॅकवर आता सोसायटी आहे, आणि सतीश एका तालुक्याला सरकारी अधिकारी आहे. सही उत्तम करतो, उजवा हात मात्र खांद्याच्या वर जात नाही.

*

आता शेवटचा. हा फायनलच्या आदल्या दिवशीचा.

माझी निघायची तारीख आणि फायनल एकाच रविवारी आली होती. तारीख चार दिवस पुढे मागता आली असती. मॅनेजर हो म्हणालाही असता. मी विचारलं नाही. आणि काकांना खरं सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून शनिवारी सकाळी फोन करून म्हणालो, "काका, जोराचा ताप भरलाय. उठवत नाही."

"झोपून राय," काका म्हणाले. "रेसचं मी पाहतो."

दुपारी चारला बेल वाजली. आईने दार उघडलं. दारात मोहोड काका, हातात काकूंनी दिलेला खिचडीचा डबा.

हॉलच्या मधोमध दोन बॅगा उघड्या पडलेल्या. मी टी-शर्टवर, घामाघूम, वजनकाट्यावर बॅग चढवत होतो.

"या या!" आई म्हणाली. "बरं झालं आलात. उद्या सकाळीच निघतोय हा अमेरिकेला. तुम्हाला सांगितलं असेलच ना?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बॅगेकडे.

"हो तर," काका म्हणाले. "सांगितलं ना वहिनी. कवाचंच सांगितलं."

डबा टेबलावर ठेवला. चप्पल काढून आत आले. काट्यावर वाकून बघितलं.

"दोन किलो जास्त भरून राहिली."

मग मांडी घालून बसले आणि बॅग पुन्हा लावायला घेतली. लोणच्याची बरणी काढली, स्वेटरच्या घड्या मोडून बुटात कोंबल्या, जड ते चाकांकडे आणलं. चेन बसत नव्हती, तर तिला मेणबत्ती घासली. वरून नायलॉनची दोरी आवळून अशी गाठ मारली, की ती मी तिकडे पोचल्यावर कात्रीने कापली. अर्धा तास गेला. एक शब्द रेसबद्दल नाही.

आईने चहा केला, तो घेतला. मी दारापर्यंत गेलो.

"काका..."

त्यांनी चप्पल घातली. ग्रीसचा वास असलेला तळहात माझ्या कपाळावर ठेवला. ठेवला तो बराच वेळ उचलला नाही.

"उतरला," ते म्हणाले.

आतून आईने विचारलं, "काय उतरलं हो?"

"वजन, वहिनी. बॅगचं," असं म्हणून काका जिना उतरून गेले.