सुतक नसलेलं घर

आई नागपुरात शनिवारी पहाटे गेली. त्याच संध्याकाळी नॉटिंगहॅमला मामांच्या घरी सत्यनारायण होता.

मामा तिचे सख्खे धाकटे भाऊ. हॉस्पिटलात मोठे डॉक्टर. मी त्यांच्याकडे राहून इतिहासात एमए करत होते. बाबांचा फोन मीच घेतला. मामा जिन्यावर उभे राहून ऐकत होते. मी रिसीव्हर ठेवल्यावर ते म्हणाले, "पूजा आता कॅन्सल नाही करता येणार. सगळं महाराष्ट्र मंडळ येतंय." आणि मग, "रडायचं ते वर. खाली नको."

मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "रवा तेवढा भाजून दे, मग जा."

मी रवा भाजला.

आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीने जुना धर्म सोडला, त्याबरोबर जातीने दिलेलं सगळं सोडलं. मामांनी इंग्लंडला येताना आडनाव सोडलं. गावाच्या नावाला 'कर' जोडून नवं घेतलं. महाराष्ट्र मंडळातल्या लोकांनी त्यांना आपल्यातलं धरलं, आणि मामांनी धरू दिलं. त्यानंतर ते दरवर्षी पूजा घालू लागले. भटजी लेस्टरहून यायचे.

माणूस गेलं की आमच्याकडे मेणबत्ती लावून वंदना म्हणतात. मंडळातले लोक सुतक पाळतात, त्यात पूजा करत नाहीत. मामांना दोन्ही जमण्यासारखं नव्हतं. वंदना म्हटली तर ते कोण हे कळलं असतं. सुतक पाळलं तर बहीण होती हे सांगावं लागलं असतं. मग कुठली, कोणाकडे दिलेली, आडनाव काय. म्हणून त्या घरापुरती आई मेलीच नाही, असं ठरलं.

माझा प्रबंध अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काही मळेवाल्यांवर होता. गुलामीतून सुटलेली, किंवा सुटलेल्यांच्या पोटी जन्मलेली काळी आणि मिश्र वंशाची माणसं. त्यांच्यातल्या थोड्यांनी उसाचे, कापसाचे मळे उभे केले आणि तिथे राबायला गुलाम विकत घेतले. काहींनी आपलीच बायकामुलं विकत घेतली, निदान एका छपराखाली राहावीत म्हणून. कायद्याला ती मालमत्ताच. बाकीच्यांनी निव्वळ नफ्यासाठी माणसं घेतली, आणि विकलीही. जेवताना एकदा हे मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "असले विषय कशाला निवडतेस? जरा पॉझिटिव्ह काही वाच."

त्या मळेवाल्यांची घरं मोठी होती, तरी मुक्त असल्याचा कागद जवळ बाळगावा लागे. रस्त्यात कोणीही गोरा अडवून मागू शके. ते भीतीत जगले, असं मी लिहिलं होतं. भ्यायलेल्या मालकाच्या घरात राहणं कसं असतं, ते मात्र मला पुस्तकांतून कळलं नव्हतं.

संध्याकाळी मी वरच्या खोलीत बसले होते. खालून पोथीचा आवाज येत होता. नागपुरात तोवर सगळं आटोपलं होतं. दार उघडंच होतं. तरी मला उठून बाहेर जाता येत नव्हतं. जायचं कुठे?

मग मामीने हाक मारली. प्रसाद वाढायला हात कमी पडत होते.

हॉलमध्ये मंडळाच्या एक काकू बसल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही कोण हो? रडवेली दिसतेय."

मामी म्हणाली, "स्टुडंट आहे. घरात मदत करते, राहायला देतो आम्ही."

"होमसिक वाटतं! होतं गं सुरुवातीला. शिरा हिने केलाय? वा. डॉक्टर, हिला सोडू नका हं."

लोक हसले. मामाही हसले.

मी ट्रे खाली ठेवला.

"माझी आई आज पहाटे गेली," मी म्हणाले. "ती यांची सख्खी बहीण. आम्ही नागपूरचे बौद्ध."

मग काकू म्हणाल्या, "म्हणजे डॉक्टर, तुम्हाला सुतक आहे?" त्यांनी हातातल्या वाटीकडे बघितलं. "आणि प्रसाद हिच्या हातचा?"

वाटी त्यांनी खिडकीत ठेवली. आणखी दोघांनी ठेवली. आई कशाने गेली, हे एकानेही विचारलं नाही.

मामा त्यांना इंग्रजीत म्हणाले, "शी इज अपसेट. शी डझन्ट नो व्हॉट शी इज सेइंग."

"मामा, तिचं नाव तरी घ्या," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, असं मला वाटलं. मग ते पाहुण्यांकडे वळले. "कॉफी घेणार ना सगळे?"

मी वर जाऊन बॅग भरली. मामी जिन्याशी उभी होती. "आसरा दिला तो हे करायला?" मी बॅग घेऊन तिच्या बाजूने खाली उतरले. वर्गातल्या एका मैत्रिणीकडे गेले. तिच्या खोलीत मेणबत्ती लावली आणि वंदना म्हटली. मध्येच ओळी विसरले, पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

मामांची भीती मला समजते. तिच्यावर मी प्रबंध लिहिला आहे. पण समजली म्हणून तिच्यासाठी माझी माणसं मी पुरून टाकणार नाही. मळ्याचा मालक स्वतः किती भ्यायलेला होता, हे त्याच्या मळ्यावर राबणाऱ्याने का मोजत बसावं?

मी आता ग्लासगोत शिकवते. मराठी माणूस भेटला की त्याने आडनावाभोवती घुटमळायच्या आधी मी कोण ते सांगते. काही घरांतून दुसऱ्यांदा बोलावणं येत नाही. न येवो.

मामा त्याच घरात राहतात. आईबद्दल त्यांचा एक शब्द अजून आलेला नाही. या देशात मला नात्याचं दुसरं कोणी नाही.