सुभेदाराचा बंकर

उत्तरेकडच्या एका डोंगरी पोस्टवर मी हवालदार होतो आणि नाईक रशीद माझ्या सेक्शनमध्ये होता. दोघंही अंबाजोगाईचे. तिथं शत्रूपेक्षा पाण्यानं जास्त छळलं. रेशन ओलं, मोजे ओले, ब्लँकेटला बुरशीचा वास. पायाची कातडी पांढरी पडून सोलायची. शी! आजही ओल्या मोज्याचा वास आला की मला घास जात नाही.

रशीद गॅरेजवाल्याचा पोरगा. बंकरच्या वरच्या अंगाला त्यानं नाला खोदला होता आणि रोज फावडं घेऊन तो साफ करायचा. "हवालदारसाब, पाणी बाहेरच वळवायचं. आत आल्यावर उपसत बसणं म्हंजे गाढवकाम," म्हणायचा. घरी फोन लागला की पहिला सवाल ठरलेला. "अम्मी, सुभेदार कोरडा हाय ना?"

सुभेदार म्हणजे त्याचं कासव. परदेशी, वाळवंटी मुलखातल्या जातीचं. आपल्या रानातलं धरून पाळणं गुन्हा आहे, हे तो सगळ्यांना बजावून सांगायचा. या कासवाला पोहता येत नाही. ओल लागली की छाती भरते. सुभेदार नाव का ठेवलं, असं विचारलं तर म्हणायचा, "चाल बघा की. कामाची घाई न्हाई, अन् सगळ्यांवर नाराज." म्हणजे कासव माझ्यापेक्षा रँकनं मोठं. यावरून माझी लई चेष्टा व्हायची.

एका दुपारी डोंगरावर ढगफुटी झाली. वायरलेस सेटवर आवाज आला, "बंकर टू, रिपोर्ट. ओव्हर."

"नाला चोक हो गया. रशीद बाहर गया है. ओव्हर," मी कळवलं.

"वापस बुलाओ. ओव्हर."

मी ओरडलो. त्यानं हात वर केला, झालंच म्हणून. नाला सुटला, पाणी बाजूला वळलं. मग वरची दरड आली. बंकर वाचला. आत आम्ही सगळे होतो.

रिटायर होऊन आलो तेव्हा रशीदच्या अम्मीनं कासव माझ्या हातात दिलं. "गॅरेजच्या फरशीवर तेल, पाणी. माझे गुडघे गेले बेटा. तूच संभाळ." तेव्हापासून ती दर शुक्रवारी रिक्षा करून सुभेदाराला बघायला येते.

मी घरामागं त्याला बंकरच बांधला. खाली मुरमाचा उंच ओटा, त्यावर सुकं गवत. वर उतरता पत्रा, वाऱ्याच्या अंगाला ताडपत्री. वरच्या बाजूनं नाला, रशीदनं खोदला होता तसाच. पावसाळ्यात रोज सकाळी ओलं गवत काढायचं, सुकं टाकायचं. ओल्या गवतात विष्ठा कुजली की अळ्या पडतात. हातानं उचलावं लागतं. किळस येते, पण करतो.

मागच्या श्रावणात धर्मापुरीला बहिणीकडं गेलतो. चावी शेजारच्या शोभावहिनींना दिली. बाई मनानं चांगली. "फक्त पाला टाका आणि नाल्यात कचरा अडू देऊ नका," एवढंच सांगितलं. पाऊस धरून होता, म्हणून दुसऱ्याच दिवशी परत आलो.

फाटकातच वास आला. नासलेलं दूध, उदबत्ती आणि शेण, सगळं एकत्र. मागं गेलो तर गल्लीतल्या बाया गोळा झालेल्या. नाल्याच्या तोंडात आणि ओट्याच्या कडेनं विटा रचून वर चिखल लिंपलेला. बंकरात पांढरट, लालसर पाणी साचलेलं, त्यावर फुलं तरंगत होती. त्यात सुभेदार, पाठीवर हळदीकुंकवाचा लगदा, नाक तेवढं वर. एक बाई वरून दूध ओतत होती आणि दुसरी मोबाइलवर शूटिंग करत होती.

"हे काय चाललंय?"

"अभिषेक," शोभावहिनी हात जोडून म्हणाल्या. "देवळात दगडाच्या कासवाला पानी घालतोच की आमी. हा तर जिता हाय! अन् तुमी त्याला कोरडा ठेवताय. पाप लागंल, भाऊ."

"वहिनी, ह्याला पोहता येत न्हाई!"

"कासवाला? काहीतरीच बोलता."

मला त्या दुधाची किळस आली, त्या मोबाइलची आली, जोडलेल्या हातांचीसुद्धा आली. तोंडातून काय काय गेलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाया पांगल्या. मी लाथ घालून विटा पाडल्या. पाणी भसकन निघून गेलं. सुभेदाराला उचललं, तर मान लोंबली. नाकातून बुडबुडे येत होते.

जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. "ऊब द्या, कोरडं ठेवा. छातीत किती पाणी गेलंय, सांगता येत नाही." लाकडी खोक्यात बल्ब लावून त्याला स्वयंपाकघरात ठेवलं. अंगाचा आंबूस वास जाता जात नव्हता. बायको चुलीवर फडकी गरम करून देत राहिली. मला एकच धास्ती होती. शुक्रवार आला होता. पोराची एवढीच जिवंत निशाणी उरलेली, ती मी अम्मीला मेलेली दाखवणार होतो.

रिक्षा थांबली. अम्मी आत आली आणि मागच्या दारातून रिकामा बंकर बघून तिथंच थबकली. मी खोकं पुढं केलं. तिनं खाली बसून दोन्ही हात आत घातले. पोटाखालून चाचपलं, पाय चाचपले. तेवढ्यात सुभेदारानं मान बाहेर काढली आणि आम्हा सगळ्यांकडं नाराजीनं पाहिलं.

"कोरडा हाय," अम्मी म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

हा शब्द तिच्या तोंडून मी आधीही एकदा ऐकला होता. रशीदला घेऊन आम्ही घरी आलो, त्या दिवशी. पेटीवर हात ठेवून म्हणाली होती, "बेटा, माझा पोरगा कोरडा होता ना रे?"

दरडीखालून त्याला काढलं तेव्हा अंगावर चिखलाशिवाय काही दिसत नव्हतं. आम्ही त्याला गरम पाण्यानं धुतलं, पुसलं. अख्ख्या पोस्टवर सुका युनिफॉर्म एकच निघाला. माझा. बाह्या त्याला लांब झाल्या, त्या मी आत दुमडल्या.

"हो अम्मी," मी म्हणालो होतो. "कोरडा होता."