कटरबाईंनी ऐकलेली पत्रं

तयार कपड्यांच्या त्या कारखान्यात त्यांना सगळे कटरबाईच म्हणत. लांबलचक टेबलावर कापडाचे थर अंथरायचे आणि खडूच्या रेघेवरून मशीन फिरवायचं, हे त्यांचं काम. त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. फक्त मापांची चिठ्ठी समोर आली की पंचाईत व्हायची. कागदावरची अक्षरं जागेवर थांबतच नसत. छत्तीसचे त्रेसष्ट होत, जोडाक्षरं एकमेकांच्या अंगावर कोसळत. मग चष्मा घरी राहिला म्हणून सांगायचं आणि शेजारणीकडून चिठ्ठी वाचून घ्यायची. चष्मा तेव्हा त्यांना लागलाही नव्हता. एकदा कानांवर पडलेलं माप मात्र दिवसभर डोक्यात पक्कं बसायचं.

शाळेत त्यांना ‘ढ’ ठरवून मागच्या बाकावर बसवलं होतं. घरात हे नीटसं कुणाच्या लक्षात आलं नाही. बहीण बारा वर्षांनी मोठी. ती तोवर टायपिस्टची नोकरी धरून परगावी गेलेली. तिकडून तिची पत्रं येत, ऑफिसच्या मशीनवर टाइप केलेली.

लग्नानंतर ती पत्रं नवरा वाचून दाखवायचा. तो बस चालवायचा. सुट्टीच्या दिवशी चहा झाला की खिडकीशी बसून, घसा खाकरून, पुढाऱ्याच्या थाटात सुरुवात करायचा. ताईच्या ऑफिसातला विसराळू साहेब, टेबलावरचे कागद खाणारी बकरी, घरमालकिणीचं घोरणं. बाई हसून हसून बेजार व्हायच्या. उत्तर म्हणून त्या दोन वाक्यं सांगत, तो लिहून टाकी. तो गेल्यावर पत्रं थांबली. दोघी बहिणी फोनवर बोलू लागल्या, तेही तब्येतीपुरतंच.

मग आठ वर्षांच्या नातीचं वाचन अडलं. लेकीने तिला एका खास शिक्षिकेकडे नेलं, बाईही सोबत गेल्या. शिक्षिकेने तासभर मुलीकडून वाचून-लिहून घेतलं आणि सांगितलं, हिला डिस्लेक्सिया आहे, हुशारीत काही कमी नाही. तिने एक पिवळी पारदर्शक पट्टी दिली, ओळीवर ठेवायची. फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. कागदावर कॅमेरा धरला की ते छापील मजकूर वाचून दाखवी आणि जो शब्द चालू असेल तो रंगवी.

निघताना बाईंनी हळूच विचारलं, “हे मोठ्या माणसांनाही असतं का हो?”

“असतं ना. लहानपणीचं ते मोठेपणी जात नाही. तुमच्या ओळखीत आहे का कोणी?”

“आहे एक,” बाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात नातीला वाचायला काहीतरी हवं होतं. बाईंनी कपाटातून पत्रांचा डबा काढला. सगळ्यांत आधी त्यांनी शोधलं ते हेड कटर झाल्यावर आलेलं पत्र. कोपऱ्यात शाईचा डाग होता, त्यावरून ते ओळखता यायचं. ‘तुझ्या हातांना जे कळतं, ते आम्हा शिकलेल्यांच्या डोक्यात शिरत नाही,’ हे त्यातलं वाक्य त्यांनी वीस वर्षं जपलं होतं.

नातीने फोन धरला. सपाट आवाजात तो वाचू लागला. “पत्र मिळाले. बढती झाली, बरे वाटले. इकडे पाण्याचे हाल आहेत. तब्येत सांभाळ.” संपलं.

बाईंनी पुन्हा वाचायला लावलं. मग दुसरं पत्र, तिसरं. ना साहेब, ना बकरी. हे सगळं ह्यांनी पदरचं घातलं होतं. आधी त्यांना रागच आला, इतकी वर्षं आपल्याला वेड्यात काढलं म्हणून. मग आठवलं, वाचता वाचता तो मध्येच थांबून खिडकीबाहेर बघायचा. त्यांना वाटायचं, टाइप पुसट असेल. आता कळलं, गडी पुढचं वाक्य जुळवत होता. त्या हसायला लागल्या आणि डोळे पुसत बसल्या. आजीला काय झालं, हे नातीला कळेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ताईला फोन लावला आणि पत्रं इतकी तोकडी का लिहायचीस, असं विचारलं. ताई म्हणाली, “तुझी इतकी सुरेख यायची गं. तीन-तीन पानं. त्यापुढे मला माझं लिहायची लाज वाटायची.”

बाई म्हणाल्या, “ताई, ती मी नाही लिहिली. मला लिहिता येत नाही. वाचताही येत नाही.”

ताईने विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस? बाई म्हणाल्या, “नावच माहीत नव्हतं त्याला. नुसतं ढ म्हणवून घ्यायचं होतं का?”

त्या दिवशी ताईने तीन पानांतलं एक पत्र कपाटातून काढून फोनवर वाचून दाखवलं. त्यात ‘आमचे हे म्हणतात’ असं करून बाईंच्या हाताची, स्वभावाची, रुसण्याची अशी वर्णनं होती की ऐकताना त्यांना कसंसंच झालं. समोरासमोर असलं काही बोलायचा ह्यांचा स्वभावच नव्हता.

पुढच्या रविवारी ताईला पत्र धाडायचं म्हणून नातीने फोनला बोललेलं लिहून घ्यायला लावलं. बाई चहा बाजूला सारून ताठ बसल्या आणि बोलू लागल्या. नवऱ्याबद्दल, कारखान्याबद्दल, मागच्या बाकाबद्दल. मध्ये फोनने ‘कटर’ऐवजी ‘कट्टर’ लिहिलं. नात दुरुस्त करायला गेली. बाई म्हणाल्या, राहू दे, तेही खरंच आहे.