आमचा राब, तिच्या हातानं

नववीची परीक्षा संपली आणि आमच्या विज्ञानाच्या सरांच्या डोक्यात फिल्मचं खूळ शिरलं. दरवर्षी जिल्ह्याच्या प्रदर्शनाला आमची शाळा थर्माकोलचा ज्वालामुखी नाहीतर पुठ्ठ्याचं धरण न्यायची आणि हात हलवत परत यायची. या खेपेला भातशेतीवर दहा-पंधरा मिनिटांची फिल्म करायची, असं सरांनी ठरवलं. सुरुवात सुट्टीतच करायला हवी होती, कारण रोपांसाठीचे राब सुट्टीतच भाजतात. गटात तीन मुलगे होते आणि आम्ही दोघी मुली, मी आणि ती.

ती वाशिंदहून यायची. वडील तिथल्याच कारखान्यात. रोज लोकलनं आसनगावला उतरून सहा आसनी रिक्षानं शहापूरला शाळेत पोहोचायची, तरी तिच्या युनिफॉर्मची इस्त्री मोडलेली नसायची. मी गावातून चालत यायची आणि पहिल्या तासालाच माझ्या वेणीतून पाचोळा निघायचा. ती कुणाशी फटकून वागत नसे, डब्यातलं पहिलं मला द्यायची, गणितं समजावून सांगायची. तिला नावं ठेवायला कुठे जागाच नव्हती, आणि मला ती आवडत नसण्याचं तेच मुख्य कारण होतं.

फिल्ममधलं निवेदन कोण करणार याची सरांनी परीक्षा घेतली. मी उतारा आधी वाचला. आमच्या घरी ‘नाय’ आणि ‘आमी’ चालायचं, ते दोनदा तोंडातून निसटलंच. मुलगे हसले. मग तिनं वाचलं आणि सर खुर्चीत सरळ बसले. निवेदन तिला गेलं. माझा चेहरा बघून सर म्हणाले की राब तुमच्या शेतातला आहे, तेव्हा तो पेटवायचा प्रसंग तू कर. आईसारखं लुगडं नेसून, हातात गवताची पेटती चूड घेऊन. कॅमेरा फक्त तुझ्यावर.

मला तेवढं पुरेसं होतं. निवेदन कोण लक्षात ठेवतंय, लोक बघतात तोंड. त्यातून आईचं ते हिरवं लुगडं. तिच्या लग्नातलं होतं, पेटीत तळाशी असायचं. मी मागितलं की आई म्हणायची, तुझ्या लग्नात नेस. आता शाळेनंच मागितल्यावर ती नाही कशी म्हणणार? संध्याकाळी मी आरशासमोर टॉवेलचा कासोटा घालून चालून बघायची. धाकटा भाऊ चिडवायचा, मला त्याचं काही वाटत नव्हतं.

राब म्हणजे भाताचं बी जिथं पेरायचं तो वावराचा तुकडा आधी भाजून घ्यायचा. शेण, त्यावर झाडांच्या फांद्या, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि वर मातीचा पातळ थर. सगळा फाल्गुन-चैत्र मी आणि आई त्यासाठी पाट्या वाहत होतो. हा जाळ भडकू द्यायचा नसतो. वारा येतो त्या बाजूनं कधी पेटवायचा नाही, पलीकडच्या बाजूनं पेटवायचा. म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडावर हळूहळू सरकते आणि खालची माती मुरून भाजते, तणाचं बी मरतं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं.

अडचण आली ती कॅमेऱ्याची. मुरबाडचा एक लग्नाची शूटिंग करणारा सरांच्या ओळखीचा होता, तो फुकट यायला तयार झाला. पण वैशाखात त्याला रोज लग्नं. ज्या दिवशी कुणीच लग्न करत नाही असा एकच दिवस त्याच्याकडे मोकळा होता, तो म्हणजे अमावास्या. सर ते सांगायला आमच्या ओटीवर आले तेव्हा बाबांनी नुसती मान हलवली.

“अवसेला घरच्या मानसानं शेताला हात लावायचा नाय, गुरुजी. बैलाला पन जुपत नाय आमी.”

सरांनी विज्ञान सांगून बघितलं. बाबांनी ते आदरानं ऐकून घेतलं. मी दाराआडून म्हणाले की हे शेताचं काम नाही, शाळेचं आहे. बाबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. सर उठायला लागले तेव्हा त्यांची नजर अंगणात गेली. तिथं ती उभी होती, सरांबरोबर आलेली, आमच्या वासराला पेंढा भरवत.

“ती पोरगी लावंल तं लावू दे,” बाबा म्हणाले. “तिच्या घरी शेती नाय, तिला अवस लागत नाय.”

सरांचा जीव भांड्यात पडला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बाबांना विचारलं की मग मी का नाही, शाळा माझी पण आहे.

“तू घरची हायस,” बाबा म्हणाले. विषय संपला.

घरची असण्याचा असा तोटा मी त्याआधी पाहिला नव्हता. पाट्या वाहताना मी घरची, शेण कालवताना मी घरची, आणि कॅमेऱ्यासमोर उभं राहायची वेळ आली तेव्हाही मी घरचीच.

अमावास्येला सकाळी आईनं पेटी उघडली. मी उंबऱ्यावर बसून बघत होते. आईनं तिला मधल्या घरात उभी करून लुगडं नेसवलं, कासोटा ओढून घट्ट केला, केसांचा अंबाडा घातला. ती अवघडून हसत होती, काकू, चालता येईल ना मला, असं विचारत होती. आईनं तिची हनुवटी धरून चेहरा वर केला आणि स्वतःच्या डब्यातलं कुंकू लावलं. माझी वेणी घालताना आई नेहमी अर्धं लक्ष चुलीकडे ठेवायची. त्या दिवशी चुलीवरचं दूध उतू गेलं तरी तिला कळलं नाही. मीच उठून उतरवलं, आणि हात भाजला तेव्हा बरं वाटलं, कारण रडायला कारण मिळालं.

शेतावर सगळे बांधावर उभे राहिले. शूटिंगवाल्यानं आयुष्यात फक्त नवऱ्या टिपल्या होत्या. तो तिला सारखं सांगत होता, थोडं हसा, नजर खाली, आता हळूच वर. मग त्यानं ऊन कुठून येतंय ते पाहिलं आणि चेहऱ्यावर उजेड येईल अशा बाजूला तिला नेऊन उभं केलं. वारा नेमका तिकडूनच येत होता. बाबा अवसेचे म्हणून शेतावर आलेच नव्हते. आई बांधावर होती, पण कॅमेरा सुरू झाल्यावर कुणी बोलायचं नाही, असं सरांनी तिला बजावलं होतं, आणि गुरुजींचा शब्द ती मोडणारी नव्हती. तिकडे त्या पोरीनं चूड खाली नेली.

“तिकडून नको गो, पलीकडून लाव,” मी ओरडले.

सरांनी माझ्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं. त्यांना वाटलं, मी जळून मोडता घालतेय. जळत तर मी होतेच, पण राब आमचा होता. तोवर गवतानं पेट घेतला होता. वाऱ्यानं जाळ डोक्याएवढा उठला, ती दचकून मागे सरली, पदर सावरला, आणि ते कॅमेऱ्यात इतकं सुंदर उतरलं म्हणे की शूटिंगवाल्यानं तिथंच टाळी वाजवली. बघता बघता सगळं जळून गेलं. मी जाऊन पायानं राख बाजूला केली. खालची माती कोमटसुद्धा झाली नव्हती. राब काही पुन्हा रचता येत नाही, पालाच उरलेला नसतो.

आषाढात त्या तुकड्यात रोपांपेक्षा तण जास्त आलं. मी आणि आई शाळेच्या आधी आणि शाळेनंतर ओणव्या होऊन ते उपटत होतो. प्रत्येक काडी उपटताना मी त्या वाशिंदवालीला एक शिवी द्यायची, मनातल्या मनात. आई एकदाही तिला काही बोलली नाही. उलट विचारायची, ती वाशिंदची पोर बरी हाय ना गो, एकदा जेवायला आण. मी आणली नाही.

फिल्म स्नेहसंमेलनात दाखवली. हॉलमध्ये गावोगावचे पालक दाटीवाटीनं बसले होते, आई आणि मी मधल्या रांगेत. शूटिंगवाल्यानं मिक्सिंगमध्ये वरून गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या होत्या आणि मागे सनई लावली होती. मला एक आशा होती की माझं ओरडणं तरी ऐकू येईल. तेवढं आलं असतं तरी मी म्हणाले असते की हा माझा आवाज. पण जाळ उठला त्या ठिकाणी सनई एवढी चढली की बाकी काही उरलं नाही. पडद्यावर तिचा चेहरा उजळला, आईचं हिरवं लुगडं लखलखलं, आणि अख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. आई पण वाजवत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

पुढच्या रांगेतली एक बाई मागे वळली. कसाऱ्याकडची असावी, आम्हाला ओळखत नव्हती. तिनं आईकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं.

“लेक का ओ तुमची? तोंड अगदी तुमचंच हाय.”

आई लाजली. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

“नाय गो,” ती म्हणाली. “लुगडं तेवढं माझं हाय.”

मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. मी तिला खेटूनच बसले होते, माझा दंड तिच्या दंडाला लागत होता. ती पुन्हा पडद्याकडे बघायला लागली.

“लेक मी हाय,” मी त्या बाईला म्हणाले.

“हो का,” बाई म्हणाली, आणि पुढे वळली.